व्हिएतनाममधलं हेरॉइन, १९७१: सैन्यातल्या व्यसनप्रतिबंधाचं एक प्रकरण

सैन्यातलं व्यसन कसं रोखायचं ही चर्चा बहुतेक वेळा शिक्षा आणि व्याख्यानं या दोनच गोष्टींवर येऊन थांबते. त्यांचा खरोखर किती उपयोग होतो हे ताडून पाहायला आकडे मिळणं कठीण, कारण सैनिक आपलं व्यसन लपवतो आणि वरिष्ठ आपल्या तुकडीची अब्रू सांभाळतात. १९७१ साली मात्र व्हिएतनाममधून घरी परतणाऱ्या हजारो अमेरिकी सैनिकांची निघण्याआधी सरसकट तपासणी झाली, आणि त्यांतल्या काही शेकड्यांचा शोध घेत संशोधक पुढे त्यांच्या घरापर्यंत पोचले. व्यसन लागलं कसं, सापडलं कसं आणि सुटलं कसं, हे त्याच त्या माणसांच्या बाबतीत कळल्याची उदाहरणं फार थोडी आहेत. म्हणून हे प्रकरण सविस्तर मांडतो आहे. त्यात हेरॉइन ठळक दिसतं आणि दारू मागे राहते. माझ्या मते यातला सगळ्यात दुर्लक्षित भाग दारूचाच आहे.

तळावरचे दिवस

एप्रिल १९६९ मध्ये व्हिएतनाममध्ये ५,४३,००० हून अधिक अमेरिकी सैनिक होते. त्याच वर्षी राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी माघार सुरू केली आणि १९७१ संपताना हा आकडा दीड लाखाच्या आसपास आला होता. युद्ध आता जिंकायचं नाही, आवरतं घ्यायचं आहे, हे खालच्यातल्या खालच्या शिपायालाही कळत होतं. मोठ्या मोहिमा कमी झाल्या. उरलं ते पहारा, दुरुस्ती, साठ्यांची मोजदाद आणि वाट पाहणं.

त्यात तैनातीची पद्धत अशी, की प्रत्येकाचे बारा महिने वेगळ्या दिवशी सुरू होत आणि वेगळ्या दिवशी संपत. तुकडी एकत्र आली, एकत्र राहिली आणि एकत्र परतली, असं होत नसे. नवा पोरगा अनोळखी माणसांत येऊन पडे. ज्याच्याशी जरा जमलं तो महिन्या-दोन महिन्यांत घरी जाई. परतीची तारीख प्रत्येकाला पाठ असे आणि उरलेले दिवस कॅलेंडरवर खोडले जात. एकमेकांवर लक्ष ठेवणारी, वेळेला खडसावणारी जी सोबत एरवी तुकडीत तयार होते, ती इथे जेमतेम उभी राही आणि विस्कटे.

गांजा तिथे आधीपासून होता. १९६८-६९ च्या सुमारास लष्कराने त्याच्याविरुद्ध मोठी मोहीम उघडली. झडत्या झाल्या, वास काढणारी कुत्री आली, धरपकड झाली. गांजाचा वास लपत नाही, तो जागाही बरीच व्यापतो, त्यामुळे पकडणं सोपं. मग १९७० मध्ये हेरॉइन आलं. थायलंड, लाओस आणि बर्मा यांच्या सीमाभागातल्या अफूपासून बनवलेलं, नव्वद टक्क्यांहून अधिक शुद्ध, प्लास्टिकच्या चिमुकल्या कुपीत भरलेलं आणि काही डॉलरांत मिळणारं. अमेरिकेतल्या रस्त्यांवर विकली जाणारी पूड इतकी भेसळीची असे, की ती शिरेत टोचल्याखेरीज भागत नसे. इथे सिगारेटच्या टोकाची थोडी तंबाखू काढून तिथे पूड भरली की पुरे. शेजारी उभ्या असलेल्या सार्जंटलाही ती साधी सिगारेट वाटे. टोचून घेणारे त्यामुळे थोडे होते. ओढणारे आणि हुंगणारे पुष्कळ.

गांजावरच्या मोहिमेमुळेच हेरॉइन पसरलं, असं तेव्हा काही निरीक्षकांनी म्हटलं. मला हा कार्यकारणभाव इतका सरळ वाटत नाही. हेरॉइनचा पुरवठा नेमका त्याच सुमारास वाढला होता आणि ते घेणारे बहुतेक जण गांजाही ओढत होते. तरीसुद्धा प्रतिबंधाची आखणी करणाऱ्याने यातून एक गोष्ट ध्यानात ठेवायलाच हवी. पकडायला सोपा तोच पदार्थ आपण पकडत राहिलो, तर कंटाळा, एकटेपणा आणि रिकामा वेळ जागच्या जागी राहतात आणि माणूस पकडायला अवघड असा पदार्थ शोधतो.

दारूची स्थिती वेगळी होती. छावण्यांमध्ये दोन गट पडले होते. जुने सार्जंट आणि मुरलेले सैनिक क्लबात बसून पीत. त्यांना ‘ज्यूसर’ म्हणत. नव्याने भरती झालेली तरुण पोरं गांजा किंवा हेरॉइन घेत, ती ‘हेड’. बिअर स्वस्त आणि मुबलक होती. कडक दारूच्या बाटल्या मात्र कमी वयाच्या, खालच्या हुद्द्याच्या शिपायाला कायदेशीरपणे सहज विकत घेता येत नसत, आणि हेरॉइन तळाच्या फाटकाबाहेर रस्त्याकडेला मिळत होतं. म्हणजे वीस वर्षांच्या पोराला व्हिस्कीपेक्षा हेरॉइन मिळणं सोपं. ज्याने शिस्त लावायची तो संध्याकाळी ग्लास घेऊन बसलेला असे, आणि त्या ग्लासाला लष्करात प्रतिष्ठा होती. एकाचा विरंगुळा आणि दुसऱ्याचा गुन्हा, अशी ही वाटणी हुद्द्याप्रमाणे झालेली होती. तरुण शिपायांना ती स्पष्ट दिसत होती. वरिष्ठांच्या उपदेशाला त्यामुळे वजन उरलं नाही.

वॉशिंग्टनमधली भीती आणि एक वेगळा निर्णय

१९७१ च्या मे महिन्यात अमेरिकी संसदेचे (‘काँग्रेस’चे) दोन सदस्य, मॉर्गन मर्फी आणि रॉबर्ट स्टील, यांचा अहवाल आला. व्हिएतनाममधले १० ते १५ टक्के सैनिक हेरॉइनच्या आहारी गेले आहेत, असा त्यांचा अंदाज होता. दर महिन्याला हजारो सैनिक परत येत होते. हातात बंदूक चालवण्याचं शिक्षण आणि अंगात हेरॉइनची गरज घेऊन ही पोरं शहरांत उतरणार, या कल्पनेनेच सरकार हादरलं. भीतीला आधारही होता. केंटकीतल्या लेक्सिंग्टनच्या सरकारी रुग्णालयात १९३५ पासून हेरॉइन आणि मॉर्फिनच्या व्यसनावर उपचार होत होते आणि तिथून बाहेर पडलेल्यांपैकी बहुसंख्य पुन्हा त्याच वाटेला जात. एकदा गर्दुल्ला झाला तो कायमचा, अशीच तेव्हाची वैद्यकीय समजूत होती.

१७ जून १९७१ रोजी निक्सन यांनी अमली पदार्थांचा गैरवापर हा देशाचा पहिल्या क्रमांकाचा शत्रू असल्याचं जाहीर केलं आणि त्यासाठी एक विशेष कार्यालय स्थापलं. त्याचे प्रमुख म्हणून मानसोपचारतज्ज्ञ डॉ. जेरोम जाफी यांची नेमणूक झाली. इलिनॉय राज्यात व्यसनोपचाराचा मोठा कार्यक्रम त्यांनी उभा केला होता.

जाफी यांची सूचना सरळ होती. व्हिएतनाममधून निघणाऱ्या प्रत्येकाची लघवी तपासायची. हेरॉइनचा अंश सापडला तर त्याला विमानात बसू द्यायचं नाही; तिथेच काही दिवस ठेवून नशा उतरवायची, पुन्हा तपासायचं आणि मग घरी पाठवायचं. सोबत एक अट होती आणि लष्कराला तीच जड गेली: निव्वळ या तपासणीत सापडला म्हणून कुणावर लष्करी खटला भरायचा नाही. तोवर हेरॉइन घेणं हा सरळ खटल्याचा गुन्हा होता. इतक्या माणसांवर खटले भरणं शक्य नाही, आणि खटल्याची टांगती तलवार असेल तर मदत मागायला कुणी पुढे येणार नाही, असं जाफी यांचं म्हणणं होतं. ते मान्य झालं.

जूनमध्येच कॅम रान्ह बे आणि लाँग बिन्ह इथल्या परतीच्या केंद्रांवर तपासणी सुरू झाली. ‘फ्रॅट’ या नावाच्या नव्या यंत्रावर नमुने भराभर तपासता येत, आणि अंश सापडलेला नमुना दुसऱ्या पद्धतीने पडताळून पाहिला जाई. नमुना देताना कुणीतरी समोर उभं राहून पाहत असे. सैनिकांनी या सगळ्याला ‘ऑपरेशन गोल्डन फ्लो’ असं नाव पाडलं. २८ सप्टेंबर १९७१ रोजी मंजूर झालेल्या कायद्याने सैन्यदलांवर आणखी मोठी जबाबदारी टाकली: अमली पदार्थ आणि दारू या दोन्हींच्या आहारी गेलेल्यांना शोधायचं आणि त्यांच्यावर उपचार करायचे. कायद्यात दारूचा शब्द होता, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

या तपासणीवर एक आक्षेप तेव्हापासून घेतला जातो. हेरॉइनचा अंश लघवीत दोन-तीन दिवसच टिकतो, आणि परतीची तारीख तर आधीपासून ठाऊक. चार दिवस दम धरला की झालं. आक्षेप खरा आहे, पण मला यातच या योजनेची ताकद दिसते. जो चार दिवस थांबू शकतो तो थांबला, आणि ज्याला घरी जायची ओढ असूनही थांबता आलं नाही तोच सापडला. शिक्षेच्या भीतीने जे होत नाही ते घरच्या ओढीने करून घेतलं. तपासणी कुणाची आणि कधी होणार हे लपवलेलं नव्हतं. काय गमवावं लागेल तेही स्पष्ट होतं, काही दिवसांचा उशीर, एवढंच. पोरांचं आयुष्य त्यात उद्ध्वस्त होत नव्हतं. चांगल्या प्रतिबंधक उपायात हे मोजमाप असावं लागतं. परिणाम नक्की असावा, लवकर व्हावा, पण माणूस मोडेल इतका मोठा नसावा.

घरापर्यंत

सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या समाजशास्त्रज्ञ ली रॉबिन्स यांच्याकडे जाफी यांच्या कार्यालयाने पाठपुराव्याचं काम सोपवलं. सप्टेंबर १९७१ मध्ये सुमारे १३,७६० सैनिक परतले होते आणि त्यांपैकी साधारण १,४०० जणांच्या तपासणीत अंश सापडला होता. रॉबिन्स यांनी दोन नमुने निवडले, एक सगळ्या परतणाऱ्यांमधून आणि एक सापडलेल्यांमधून. परतल्यावर आठ ते बारा महिन्यांनी सुमारे नऊशे जणांना त्यांच्या पथकाने प्रत्यक्ष गाठलं, मुलाखती घेतल्या आणि मुलाखतीनंतर पुन्हा लघवीचा नमुनाही मागितला. निवडलेल्यांपैकी ९६ टक्के माणसं सापडून बोलली. असा प्रतिसाद या विषयात दुर्मीळ म्हणायला हवा. तीन वर्षांनी त्यांतल्या अनेकांना पुन्हा भेटून शेवटची पाहणी झाली.

जवळपास निम्म्या शिपायांनी व्हिएतनाममध्ये अफू किंवा हेरॉइन घेऊन पाहिलं होतं. नुसत्या हेरॉइनचा आकडा ३४ टक्के. सुमारे २० टक्के जणांना आपण पूर्ण व्यसनी झालो होतो असं वाटत होतं. म्हणजे मर्फी आणि स्टील यांचा अंदाज फुगवलेला नव्हता, उलट कमीच होता. हेरॉइन पुढ्यात आलं नाही असा शिपाई विरळा: ८५ टक्के जणांना ते कुणी ना कुणी देऊ केलं होतं, अनेकांना तर आल्याआल्या.

धक्का बसला तो पुढच्या आकड्याने. व्हिएतनाममध्ये जे व्यसनी झाले होते त्यांपैकी परतल्यावरच्या दहा महिन्यांत पुन्हा व्यसनात गेलेले फक्त ५ टक्के निघाले. तीन वर्षांत थोड्या काळासाठी का होईना पुन्हा आहारी गेलेले १२ टक्के. लेक्सिंग्टनचा अनुभव याच्या नेमका उलटा होता. लोकांचा विश्वासच बसेना. सरकारला सोयीचा निष्कर्ष काढून दिला, असा आरोपही झाला. रॉबिन्स यांनी नमुन्याची निवड, मुलाखतीतली उत्तरं आणि लघवीचे निकाल एकमेकांशी जुळवून दाखवले, तरी हा निष्कर्ष गळी उतरायला वर्षं गेली.

आकडे वाचताना

‘हेरॉइन सोडणं सोपं आहे’ असा अर्थ यातून कुणी काढला तर तो घातक ठरेल. ही पोरं बहुतेक वेळा ओढत होती, टोचत नव्हती. त्यांच्या वापराला महिने झाले होते, दशकं नव्हेत. घरी स्वस्त आणि शुद्ध माल नव्हता. लेक्सिंग्टनला पोचणारी माणसं व्यसनी लोकांमधली सगळ्यात अडकलेली असत आणि उपचारांनंतर ती त्याच गल्लीत, त्याच सोबत्यांत परत जात. दोन वेगळ्या गटांची ही तुलना आहे.

पण सावधगिरीचे हे सगळे मुद्दे बाजूला ठेवूनही एक गोष्ट शिल्लक राहते. व्हिएतनाममध्ये व्यसनी झालेल्यांपैकी साधारण निम्म्यांनी घरी आल्यावर हेरॉइन किंवा तसाच पदार्थ पुन्हा घेतला होता. तो कुठे मिळतो हे त्यांना ठाऊक होतं. तरी बहुतेक जण पुन्हा अडकले नाहीत. परतल्यावर उपचार घेणारे तर मोजकेच होते, त्यामुळे श्रेय उपचारांना देता येत नाही. निघतानाच्या आठवडाभराच्या मुक्कामालाही देता येत नाही, कारण तपासणीत न सापडलेले व्यसनीही तसेच सुटले होते. बदलली होती ती माणसाच्या भोवतीची सगळी मांडणी. नोकरी, घर, आईबापांची नजर, मैत्रीण, गाडीचे हप्ते, सकाळी उठून जायची जागा. व्हिएतनाममध्ये यातलं काहीच नव्हतं.

आणखी दोन निष्कर्षांकडे सैन्यातल्या अधिकाऱ्यांनी मुद्दाम पाहावं असं मला वाटतं. पहिला, युद्धाच्या आघाताने पोरं हेरॉइनकडे वळली हा समज आकड्यांत टिकला नाही. घेणाऱ्यांपैकी बहुतेकांनी प्रत्यक्ष लढाई पाहण्याआधीच सुरुवात केली होती, आणि जास्त लढाई पाहिलेले जास्त घेतात असंही दिसलं नाही. विचारल्यावर त्यांनी सांगितलं ते साधंच होतं: बरं वाटायचं, दिवस जायचे, सैन्यातलं जगणं सोसवायचं. याचा अर्थ आघात खोटा आहे असा मुळीच नाही. लढून आलेल्यांचं पिणं हा पुढे येणारा वेगळा आणि गंभीर प्रश्न आहेच. पण प्रतिबंधाची सगळी ताकद फक्त लढाईनंतरच्या समुपदेशनावर लावली, तर तोवर उशीर झालेला असतो. सुरुवात तैनातीच्या पहिल्या काही आठवड्यांत होते. पोरगा नवा असतो, एकटा असतो आणि खोलीत आधीपासून राहणारा त्याला सिगारेट पुढे करतो. लक्ष ठेवायचं ते तिथे.

दुसरा निष्कर्ष असा, की कोण जास्त अडकेल याचा अंदाज सैन्यात येण्याआधीच्या वागण्यावरून बराचसा बांधता येत होता. शाळा बुडवणं, मारामाऱ्या, लहान वयात नशा. याचा उपयोग भरतीच्या दारात माणसं गाळण्यासाठी करावा, असं कुणाला वाटेल. मी त्याच्या विरुद्ध आहे. असं आयुष्य असलेली असंख्य मुलं सैन्यात येऊन सावरतात, कित्येकांसाठी सैन्य हीच पहिली घडी बसवणारी जागा असते. ही माहिती कुणाला चांगल्या सार्जंटच्या हाताखाली ठेवायचं हे ठरवायला वापरावी.

दारू परत आली

डोनाल्ड गुडविन आणि डेव्हिस या संशोधकांनी रॉबिन्स यांच्यासह याच सैनिकांच्या पिण्याबद्दलचा अभ्यास १९७५ मध्ये प्रसिद्ध केला. हेरॉइनच्या गदारोळात तो झाकोळला गेला. माझ्या दृष्टीने मात्र या प्रकरणाची दुसरी बाजू त्यातच आहे. सैन्यात येण्याआधी यांतले अनेक जण चांगलेच पिणारे होते. व्हिएतनाममध्ये हेरॉइन घेणाऱ्यांचं पिणं कमी झालं. दोन्ही पदार्थ सोबत वाढले नाहीत. एक वाढला तसा दुसरा घटला. आणि घरी परतल्यावर हेरॉइन सुटलं तसं पिणं पुन्हा वर आलं, काहींच्या बाबतीत थेट दारूच्या व्यसनापर्यंत.

विमानतळावरच्या तपासणीत यातलं काहीच दिसलं नसतं. जो पोरगा बाटलीत स्वच्छ लघवी देऊन घरी गेला आणि वर्षभराने रोज रात्री पिऊन बायकोवर हात उगारू लागला, तो सरकारी हिशेबात ‘सुटलेला’ होता. ९५ टक्क्यांच्या यशात त्याचीही गणती आहे. रॉबिन्स यांच्या निष्कर्षाला याने बाधा येत नाही, कारण तो हेरॉइनपुरता होता. पण सैन्याने त्यावर धोरण उभं करताना हा फरक पाहायला हवा होता.

दारूच्या व्यसनावर सैन्यात काहीच होत नव्हतं असं नाही. कॅलिफोर्नियातल्या लाँग बीचच्या नौदल रुग्णालयात डॉ. जोसेफ झुस्का आणि स्वतः दारूतून बाहेर आलेले निवृत्त अधिकारी डिक ज्युएल यांनी साठच्या दशकाच्या मध्यातच एक कार्यक्रम सुरू केला होता. पुढे १९७८ मध्ये माजी राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी बेटी फोर्ड यांनी तिथेच उपचार घेतले आणि उघडपणे सांगितलेही. काम मोलाचं होतं, पण तिथे पोचणारा बहुतेक वेळा बराच पुढे गेलेला असे. क्लबातली स्वस्त दारू आणि बढतीच्या पार्ट्या कुणी हलवल्या नाहीत.

पुढची दहा वर्षं

१९७४ मध्ये लष्करी अपील न्यायालयाने रुईझ खटल्यात निकाल दिला, की ज्या तपासणीमुळे सैनिकाला सन्मानाशिवाय सेवेतून काढलं जाऊ शकतं, तिच्यासाठी नमुना द्यायची सक्ती म्हणजे स्वतःविरुद्ध पुरावा द्यायची सक्ती. तपासणी काही काळ थांबली, मग मर्यादित स्वरूपात सुरू झाली आणि ढिली पडली. १९८० मध्ये संरक्षण विभागाने जगभरातल्या आपल्या सैनिकांची निनावी पाहणी केली, तेव्हा मागच्या तीस दिवसांत बेकायदा अमली पदार्थ घेतलेले २७.६ टक्के निघाले.

२६ मे १९८१ च्या रात्री फ्लोरिडाच्या किनाऱ्याजवळ विमानवाहू निमित्झ जहाजावर उतरणारं विमान कोसळलं आणि १४ जण मरण पावले. डेकवरच्या काही मृत नाविकांच्या शरीरात गांजाचे अंश सापडले. अपघात गांजामुळे झाला असं त्यातून सिद्ध होत नव्हतं. वैमानिकाच्या रक्तात तर सर्दीचं औषध होतं. पण धोरण बदललं. नौदलप्रमुख थॉमस हेवर्ड यांनी ‘माझ्या पहाऱ्यात नाही, माझ्या जहाजावर नाही, माझ्या नौदलात नाही’ अशी घोषणा दिली, आणि डिसेंबरअखेर उपसंरक्षणमंत्री फ्रँक कार्लुची यांच्या आदेशाने तपासणीचा निकाल शिस्तभंगाच्या कारवाईसाठी वापरायची मुभा मिळाली. कधीही, कुणाचीही तपासणी सुरू झाली. जाफी यांची अट इथे संपली.

अमली पदार्थांचा आकडा कोसळला. २००२ च्या त्याच पाहणीत तो ३.४ टक्के होता. हे यश खरं आहे आणि ते कमी लेखायचं कारण नाही. मात्र त्याच पाहण्यांमध्ये आठवड्यातून किमान एकदा एका बैठकीत पाच किंवा अधिक पेग घेणाऱ्यांचं प्रमाण १९८० मध्ये २०.८ टक्के होतं आणि २००२ मध्ये १८.१ टक्के. बावीस वर्षं, शून्य सहनशीलतेचं धोरण, हजारो जणांची बडतर्फी, आणि दारू जवळजवळ होती तिथेच. तपासणीच्या बाटलीत जे सापडतं त्याला सैनिक घाबरला. दुकानात आणि क्लबात जे राजरोस मिळतं ते तो पीत राहिला.

इराक आणि अफगाणिस्तानच्या काळात आणखी एक दार उघडलं. २००९ मध्ये लष्करी डॉक्टरांनी वेदनाशामक औषधांच्या सुमारे ३८ लाख चिठ्ठ्या लिहिल्या, २००१ च्या चौपटीहून अधिक. अफूच्याच कुळातली औषधं यावेळी डॉक्टरच्या सहीने आली, आणि चिठ्ठी असलेल्याला तपासणीत पकडायचं तरी कसं? २०१२ मध्ये ‘इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिन’ या अमेरिकी संस्थेच्या समितीने सैन्यातल्या व्यसनांना सार्वजनिक आरोग्याचं संकट म्हटलं. तळावरची दारूची उपलब्धता कमी करा, प्रत्येक सैनिकाला नेहमीच्या वैद्यकीय भेटीत पिण्याबद्दल विचारा, आणि मदत मागणाऱ्याची माहिती गुप्त ठेवा, असं तिने सुचवलं.

तुकडीप्रमुखाच्या हातातलं

धोरण वर ठरतं, पण वातावरण तुकडीत घडतं. वायोमिंगमधल्या एफ. ई. वॉरन हवाईतळाने २००४ च्या सुमारास एक साधा आकडा प्रत्येकाच्या तोंडी बसवला: शून्य, शून्य, एक, तीन. कायदेशीर वयाखाली शून्य पेग, पिऊन गाडी चालवण्याचे शून्य प्रकार, तासाला फार तर एक पेग, संध्याकाळी फार तर तीन. हा आकडा एकटा फिरवला असता तर भिंतीवरची आणखी एक सूचना झाली असती. तिथे त्याच्यासोबत तरुणांना संध्याकाळी करायला दुसरं काही दिलं, आसपासच्या गावांतल्या पोलिसांशी आणि दुकानदारांशी बोलणी केली. दारूमुळे घडणारे प्रकार कमी झाले आणि हा नमुना इतर तळांवर गेला. व्हिएतनामच्या परिस्थितीशी ताडून पाहिलं तर हे का चाललं ते उघड आहे. रिकामी संध्याकाळ भरली, मिळणं अवघड केलं, आणि नियम सार्जंटलाही तोच लागू ठेवला.

शेवटचा भाग सगळ्यात अवघड आहे. तरुण शिपायाच्या पिण्यावर बोलायचं तर आधी त्याच्या वरिष्ठाने क्लबातलं आपलं वागणं बदलावं लागतं. बढतीच्या रात्री बाटली फोडणं थांबवायला कुठलाही कायदा लागत नाही, पण धाडस लागतं. मला भेटलेल्या काही निवृत्त अधिकाऱ्यांना ही सूचना अपमानास्पद वाटते. त्यांच्या मते दारू तुकडीला बांधून ठेवते. सोबत तुकडीला बांधते, हे मी मानतो. पण जो पीत नाही किंवा ज्याला पिणं सोडायचं आहे, त्याला त्या सोबतीतून बाहेर पडावं लागत असेल, तर ती सोबत त्याच्यापुरती तुटलेलीच असते.

आणि मदतीचं दार. जुलै २००९ मध्ये अमेरिकी लष्कराने फोर्ट लुईस, फोर्ट रिचर्डसन आणि स्कोफिल्ड बॅरॅक्स या तीन ठिकाणी एक प्रयोग सुरू केला. दारूमुळे अजून काही गुन्हा किंवा अपघात घडलेला नसेल, तर सैनिक स्वतःहून उपचाराला येऊ शकतो आणि त्याच्या कमांडरला कळवलं जात नाही. भेटी कामाच्या वेळेबाहेर ठेवल्या. १९७१ मध्ये जाफी यांनी जी अट घातली होती, तिचाच गाभा अडतीस वर्षांनी दारूच्या बाबतीत परत आला. आक्षेपही तेच आले: ज्याच्या हाती शस्त्र आहे, जो रणगाडा किंवा विमान चालवतो, त्याच्या पिण्याबद्दल कमांडरला ठाऊक नसेल तर इतरांच्या जिवाचं काय? प्रश्न रास्त आहे. पण कमांडरला कळणार म्हणून जो येतच नाही, त्याच्याबद्दलही कमांडरला काही ठाऊक नसतंच, आणि तो उपचारांवाचून त्याच रणगाड्यात बसतो. म्हणून गुप्ततेला अपवाद कुठे करायचा हे आधी लेखी ठरलेलं असावं, जिवाला प्रत्यक्ष धोका दिसेल तिथे, आणि उपचाराला पहिल्यांदा आलेल्या सैनिकाला ते बसल्याबसल्याच सांगितलेलं असावं.